वृद्धाश्रमाची नोंदवही

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील जुन्या मराठी घरांत 'वृद्धाश्रम' हा शब्द अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. लग्नकार्यात किंवा तेरवीच्या पंगतीत कोणी विचारलेच की अमुक काकू हल्ली दिसत नाहीत, तर उत्तर येते, 'नागपूरला असतात.' नागपूरला कोणाकडे, हे विचारणाऱ्याने विचारायचे नसते आणि सांगणाऱ्याने सांगायचे नसते. दोन्हीकडून ही मर्यादा पाळली जाते आणि पंगत पुढे सरकते.

या कुजबुजीचे आम्हांस नवल वाटत नाही. भोसल्यांच्या कारकिर्दीत आणि पुढे मध्यप्रांताच्या दिवसांत आपली घराणी वऱ्हाडातून, नागपुराकडून, कोणी त्याहूनही दुरून सातपुड्याच्या या पायथ्याशी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. तरी दुखणे, शिक्षण आणि सोयरीक यांसाठी नागपूर सुटले नाही. या साऱ्या उलथापालथीत घरातली वडीलधारी माणसे घरातच राहिली, घरातच गेली. ओसरीवरची त्यांची जागा ठरलेली असे. आता संत्र्यांचे बगीचे ठेक्याने दिलेले आहेत, मुले पुणे-बंगळूरला, काहींची अमेरिकेत. वाड्यात दोन म्हातारी माणसे उरतात, मग एक उरते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. २०३६ पर्यंत ती पावणेतेवीस कोटींच्या आसपास जातील, असा शासनाच्या तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. तेव्हा हा प्रश्न एखाद्या घराच्या संस्कारांचा राहिलेला नाही. ज्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, औषध द्यायला कोणीतरी हवे, अशा माणसांना परक्या छपराखाली राहावे लागणारच. त्यात लाज मानण्याजोगे काही नाही, असे आमचे मत आहे. लाजेने मात्र एक नुकसान होते. ज्या गोष्टीविषयी बोलायचेच नाही, तिच्याविषयी चौकशी तरी कशी करायची?

चौकशी होत नाही याला आणखी एक कारण त्या नावातच दडलेले आहे. 'आश्रम' म्हटले की आपल्या मनासमोर कण्वाचा आश्रम येतो, वानप्रस्थ येतो. अलीकडच्या काळातले अनाथाश्रम आणि बालिकाश्रम आठवतात. गाडगेबाबांनी बांधलेल्या धर्मशाळा आपल्या वडिलांनी पाहिल्या, त्यांत मुक्काम केला. आश्रम म्हणजे पुण्यकार्य, आणि पुण्यकार्य करणाऱ्याला 'तुझा परवाना दाखव' असे म्हणणे आपल्या जिभेला जड जाते. दानाचे ताट पुढे आले तर त्यातले मीठ चाखून पाहू नये, अशी आपली रीत. परंतु आज ज्यांना आपण वृद्धाश्रम म्हणतो, त्यांतील पुष्कळ ठिकाणी दरमहा पैसे मोजून राहावे लागते, आरंभी मोठी अनामत भरावी लागते. तिथे दानाचा संबंध नावापुरता असतो. उरलेल्या ठिकाणी जे खरोखर धर्मार्थ राहतात, त्यांच्यामागे तर बोलणारे कोणीच नसते. म्हणजे पहिल्याने विचारणे हा त्याचा हक्क आहे आणि दुसऱ्याच्या वतीने कोणीतरी विचारणे ही त्याची गरज आहे.

आमच्या आत्याबाईंसाठी जागा पाहण्याची वेळ आमच्यावर आली, तेव्हा या गोष्टी आम्हांस जवळून दिसल्या. आत्याबाई सौंसरला मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मूलबाळ नाही, निवृत्तिवेतनावर स्वतःच्या मिजाशीने राहिलेल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. आम्ही दोघेही सत्तरीपुढचे; त्यांना पलंगावरून उचलून बसविणे आमच्या हाडांना झेपेना. घरी येणारी बाई दुपारनंतर थांबत नसे. शेवटी त्यांनीच विषय काढला. विदर्भातल्या एका मोठ्या शहरात आम्ही तीन ठिकाणे पाहिली. व्हीलचेअरवरून त्या आमच्याबरोबर होत्या. खोल्या बऱ्या होत्या, तुळशीवृंदावन होते, भजनाची वेळ फलकावर लिहिलेली होती. व्यवस्थापकांनी भिंतीवर काचेत लावलेले प्रमाणपत्र दाखविले. ते संस्था-नोंदणीचे होते. आत्याबाईंनी चष्मा सारखा करून ते नीट वाचले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काऊन रे, आमच्या शाळेत दर साली डिप्टीसाहेब येत. फळ्यापासून हजेरीबुकापर्यंत सारं पाहत. इथं कोण येते?"

व्यवस्थापकांनी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावे सांगितली. तो गृहस्थ खोटे बोलत नव्हता. त्याच्याजवळ दुसरे उत्तरच नव्हते.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे आम्ही कायद्यांच्या पुस्तकांतून केला. जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

भिंतीवरचे ते प्रमाणपत्र काय सांगते? सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून संस्था अस्तित्वात आहे, तिला पदाधिकारी आहेत, तिने हिशेब सादर करायचे आहेत, एवढेच. आपल्या मध्यप्रदेशात संस्था-नोंदणीचा कायदा १९७३ चा आणि सार्वजनिक न्यासांचा १९५१ चा. महाराष्ट्रात न्यासांचा कायदा १९५० चा. वाचनालय, व्यायामशाळा, भजनी मंडळ यांचीही नोंद अशाच कायद्यांखाली होते. रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण उठेल, वीस माणसांमागे शौचकूप किती, औषधे कोणाच्या ताब्यात, याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नाही.

आता दुसऱ्या छपरांकडे पाहावे. रुग्ण ठेवणाऱ्या शुश्रूषागृहाला मध्यप्रदेशात १९७३ च्या कायद्याने नोंदणी आणि परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तसा कायदा १९४९ पासून आहे. स्त्रिया आणि बालके यांना ठेवून घेणाऱ्या धर्मार्थ गृहांवर देखरेख असावी म्हणून १९६० साली केंद्राने कायदा केला. दिव्यांग व्यक्तींसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्यावाचून चालविताच येत नाही. मनोरुग्णांना निवासी ठेवणाऱ्या जागेला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंद करावी लागते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच खाटेवर झोपणाऱ्या माणसाजवळ अपंगत्वाचा दाखला असेल तर त्या छपराला शासनाची परवानगी हवी. तो नुसताच म्हातारा असेल तर नको. म्हातारपण हा कायद्याच्या दृष्टीने आजार नव्हे आणि अपंगत्वही नव्हे. तसे ते नाहीच, हे खरे. पण आजार आणि अपंगत्व यांच्यामध्ये जी दहा-पंधरा वर्षांची पायवाट असते, तिच्यावर कोणाचाही दिवा नाही.

सर्वांत मौजेची गोष्ट १८६७ ची आहे. त्या साली इंग्रज सरकारने सरायांचा कायदा केला. वाटसरूंना उतरवून घेणाऱ्या सरायांची जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याने नोंदवही ठेवायची. सरायवाल्याने केव्हाही तपासणी होऊ द्यायची, खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवायच्या, दारे-भिंती दुरुस्त ठेवायच्या, पहारेकरी नेमायचे आणि दरांचा तक्ता लोकांना दिसेल असा लावायचा. मुक्कामात कोणाला साथीचा रोग झाला किंवा कोणी दगावले, तर जवळच्या ठाण्यावर तात्काळ कळवायचे. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी एवढी काळजी घेतली गेली होती. आयुष्याची शेवटची दहा वर्षे जिथे काढायची, त्या जागेसाठी यातली निम्मी कलमे जरी कोणी लिहून ठेवली असती, तरी आत्याबाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

वाचक म्हणतील, ज्येष्ठांसाठी तर स्वतंत्र कायदा झाला आहे. झाला आहे, आणि तो मोलाचा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा डिसेंबर २००७ मध्ये झाला आणि पुढे राज्याराज्यांनी तो आपापल्या तारखेने लागू केला. साठ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला मुलांकडून निर्वाह मागता येतो. निपुत्रिकाला, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्या नातेवाइकाकडे मागता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्याचे तोंड मुलांकडे आहे. मुलांनी काय केले पाहिजे, हे त्याने खणखणीत सांगितले. वृद्धाश्रमांविषयी मात्र एकच कलम आहे, एकोणिसावे. राज्य शासन टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापू शकेल, आरंभी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी. त्यांच्या व्यवस्थेची मानके राज्याला ठरविता येतील. 'स्थापील' असे तिथे लिहिलेले नाही, 'स्थापू शकेल' असे लिहिले आहे. आणि खासगी माणसाने परवाना घेतल्यावाचून वृद्धाश्रमाचे दार उघडू नये, असे वाक्य तर त्या कायद्यात शोधून सापडत नाही.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही असे नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की, प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला नुसती मोजदाद मागावी लागली, यावरून नोंदवही किती कोरी होती ते दिसते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले. शासकीय असो वा खासगी, प्रत्येक ज्येष्ठ-निवासाने राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंद करावी. अन्न, इमारत, वैद्यकीय सोय यांची किमान मानके केंद्राने ठरवावी. घरी जाऊन शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांनीही नोंद करावी. निर्वाहाची दहा हजारांची मर्यादा काढून टाकावी, अशा त्यात तरतुदी होत्या. ते स्थायी समितीकडे गेले, २०२१ च्या जानेवारीत समितीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक लोपले. २०१९ मध्येच केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने आपली काढली. दारांची रुंदी, लिफ्ट, न्हाणीघरातले आधाराचे दांडे यांचा विचार त्यांत आहे आणि तो चांगला आहे. पण ती घर बांधणाऱ्यांसाठी आहेत. दाराची रुंदी मोजता येते. त्या दारातून रात्री कोण आत येईल, हे तिथे मोजलेले नाही.

देखरेख अजिबात कुठेच नाही असेही नाही. केंद्राची १९९२ पासून चालत आलेली अनुदान-योजना आहे, महाराष्ट्रात 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना १९९५ पासूनची आहे. सरकारी पैसा जिथे जातो, तिथे त्यापाठोपाठ अधिकारीही जातो. कर्मचारी किती, जेवण काय, हे विचारले जाते. सरकार आपल्या पैशाच्या मागे जाते, हे योग्यच आहे. माणसाच्या मागे जाणारे कोणी हवे, इतकेच आमचे म्हणणे.

आत्याबाई त्या तिसऱ्या ठिकाणी सात महिने राहिल्या. एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. आम्हांस ते तिसऱ्या दिवशी कळले, तेही दुसऱ्या एका रहिवासी बाईंच्या नातवाकडून. तोवर हाताला फडके गुंडाळून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. 'तुम्ही एवढ्या लांबून येऊन काय करणार होता?' असे आम्हांस विचारण्यात आले. आमचा राग पडण्याविषयी नव्हता; माणूस घरीही पडतो. तीन दिवसांच्या मौनाविषयी होता. तक्रार करावी म्हणून आम्ही निघालो. एका कार्यालयात सांगितले, 'ही संस्था अनुदानित नाही, आमच्या यादीत नाही.' दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, 'हिशेबात घोटाळा असेल तर बोला.' ठाण्यावर विचारले, 'कोणी ढकलले काय?' प्रत्येकाने आपल्या चौकटीप्रमाणे बरोबरच उत्तर दिले. आत्याबाईंचे मनगट मात्र कोणाच्याच चौकटीत बसेना. शेवटी आम्ही त्यांना घरी आणले. आमच्याकडे परत आणायला घर होते. त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ते नव्हते. त्या दारापर्यंत आल्या, आत्याबाईंची पिशवी त्यांनी हातात दिली आणि काही न बोलता आत गेल्या.

हे लहानसे दुखणे झाले. मोठी दुखणी वर्तमानपत्रांत येतात. १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या ग्रेटर कैलाश भागातील एका ज्येष्ठ-निवासाला पहाटे आग लागून दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. २०२५ च्या जूनमध्ये नोएडातील एका वृद्धाश्रमातून सुमारे चाळीस वृद्धांना सोडवावे लागले. काही जण खोल्यांत कोंडलेले आढळल्याचे वृत्त होते. हा प्रकार उघडकीस आला तो समाजमाध्यमांवर फिरलेल्या एका चित्रफितीमुळे, कोणा तपासनिसाच्या फेरीमुळे नव्हे.

या बाजूने बोलू लागले की एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. निष्ठेने चालविलेली लहान गृहे, जिथे एखादे दांपत्य स्वतःच्या घरात आठ-दहा म्हाताऱ्यांना सांभाळते, ती परवान्याच्या जंजाळात बंद पडतील. तपासनीस येईल आणि पाकीट घेऊन जाईल. उरतील फक्त पैसेवाल्यांच्या वसाहती. आम्ही हा आक्षेप मनात घोळवून पाहिला. परदेशाचा दाखला दोन्ही बाजूंनी बोलतो. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था निवासी शुश्रूषागृहांची नोंद आणि तपासणी करते, चार प्रतींपैकी एक प्रत ठरविते, आणि २०१५ पासून ती प्रत दर्शनी लावणे गृहांना बंधनकारक आहे. तरीही २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबॉर्न व्ह्यू या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या नोंदणीकृत खासगी संस्थेत जे अत्याचार चालले होते, ते बीबीसीच्या छुप्या चित्रणानेच बाहेर आले. अकरा कर्मचारी दोषी ठरले. म्हणजे नोंदणी हा काही देव्हारा नव्हे. पण तिथे 'हे काम कोणाचे होते आणि त्याने ते का केले नाही?' असा प्रश्न विचारता आला. तपासणी संस्थेलाही उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे तो प्रश्नच विचारता येत नाही, कारण ते काम कोणाचेच नाही. लहान गृहांविषयी म्हणाल, तर आठ माणसांच्या घराला आणि दीडशे माणसांच्या इमारतीला एकच माप लावू नये, हे उघड आहे. नोंद सर्वांची व्हावी, अटी आकारमानाप्रमाणे असाव्यात. सेवाभावी माणसाला तपासणीचा अपमान वाटत नाही. आत्याबाईंना चाळीस वर्षांत एकदाही डिप्टीसाहेबांचा अपमान वाटला नव्हता. उलट ते येऊन गेले की शाळेच्या फुटक्या कौलांची नोंद सरकारदरबारी होई, असे त्या सांगत.

आता आपल्या घराजवळचे बोलू. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. आपले पांढुर्णा आणि आपले सौंसर त्यात एकत्र आले. एकोणिसाव्या कलमातला 'प्रत्येक जिल्ह्यात निदान एक' हा शब्द त्या दिवसापासून आपल्यालाही उद्देशून आहे. नव्या जिल्ह्याच्या वह्या नव्याने शिवल्या जातात. जुन्या जिल्ह्यात जी गोष्ट कधीच लिहिली गेली नाही, ती नव्या वहीच्या पहिल्या पानांवर लिहून घेणे तुलनेने सोपे असते. दिल्लीतले विधेयक परत केव्हा येईल कोण जाणे; पण जिल्ह्यातील अनुदानित, विनाअनुदानित, धर्मार्थ, सशुल्क अशा सर्व निवासांची यादी करावी, वर्षातून एकदा डॉक्टरासह तिथे जाऊन यावे, अहवाल हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत दारावर लावावा, आणि पडणे, मोठे आजारपण, मृत्यू यांची खबर त्याच दिवशी घरच्यांना आणि कार्यालयाला द्यावी, एवढे तरी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे मागू शकतो. मराठीचा आग्रह आम्ही भाषाभिमानाने धरत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला दुखते ते त्याच्या भाषेत दुखते, आणि तक्रारही त्याला त्याच भाषेत सुचते.

सीमेवर राहण्याची आपली एक अडचण आहे, तिच्यावरही कायद्यात वाट आहे. माणूस नागपूरच्या निवासात, शेतीवाडी पांढुर्ण्यास, मुलगा पुण्यास, अशा वेळी दाद कुठे मागायची? २००७ च्या कायद्याचे सहावे कलम सांगते की ज्येष्ठ जिथे राहतो, पूर्वी शेवटी जिथे राहिला, किंवा मुले अथवा नातेवाईक जिथे राहतात, त्यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज चालू शकतो. तेविसावे कलमही लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'माझा सांभाळ करावा' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. घेणारा पोटचाच असला पाहिजे, असे ते कलम म्हणत नाही. आपल्याच राज्यातील छतरपूरच्या एका मातेने मुलाला दिलेले दानपत्र २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. म्हणून घर किंवा शेत कोणालाही देताना, मुलाला असो वा संस्थेला, ती अट कागदावर लिहिलेली असावी. सशुल्क निवास ही मोबदला घेऊन दिलेली सेवा असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते; म्हणून पैशाची पावती आणि लेखी करार घेतल्यावाचून अनामत भरू नये. धर्मार्थ राहणाऱ्याला मात्र ही वाट बंद आहे, कारण फुकट सेवा त्या कायद्यात बसत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यासाठी तपासनीसच हवा.

जागा पाहायला जाणाऱ्यांनी आमच्या अनुभवावरून इतके अवश्य विचारावे: रात्री जागे कोण असते आणि किती जणांमागे एक, औषधे कोण देतो आणि लिहून ठेवतो काय, डॉक्टर कोणत्या दिवशी येतो, पडल्यास घरी फोन किती वेळात, आग लागल्यास दुसरे दार कुठे, नातेवाइकांनी न कळवता यावे की नाही. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याच्याकडे आणखी विचारण्याचे काही उरत नाही.

आपल्या बहुतेक घरांत एखादी जुनी पेटी असते आणि तिच्या तळाशी मोडीतल्या वह्या असतात. कोणाचे पूर्वज कमाविसदाराच्या कचेरीत होते, कोणी मालगुजार होते, कोणी शाळामास्तर. किती बिघे, किती आंब्याची झाडे, किती बैल, कोणत्या विहिरीवर कोणाचा हक्क, हे सारे त्यांनी ओळीने लिहून ठेवले. लिहिलेले असले म्हणजे कोणी हिरावून घेऊ शकत नाही, ही त्यांची समजूत होती आणि ती पुष्कळशी खरी ठरली. म्हाताऱ्या माणसांची अशी एक वही आपल्या जिल्ह्यात व्हावी, म्हणून आम्ही एक अर्ज लिहिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंगळवारच्या जनसुनवाईत तो द्यायचा आहे. आत्याबाईंनी उजव्या हाताने, अजून थोड्या कापऱ्या अक्षरांत, पहिली सही केली आहे. अर्ज मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. खाली जागा पुष्कळ आहे.